पहाटेचा आकडा

१० जुलै, गुरुवार

सकाळी ६.०५. पाणी २३.५ अंश. ऑक्सिजन ५.३.

भिंतीवर आकडा लिहायला गेले तर माझ्या खडूच्या डबीवर कोणाची तरी दुर्बीण. तळ्याचा राखणदार महांतेश म्हणाला, "नव्या मॅडमची आहे अक्का. पक्षी मोजतात." मी डबी काढून घेतली आणि दुर्बीण जमिनीवर ठेवली. नीटच ठेवली.

मॅडमचं नाव आसावरी. पुण्याची. इथे एचएसआर वस्तीत राहते, कसल्याशा कंपनीत आहे आणि महिन्याभरापासून अत्तीकेरे तळ्यावर फिरायला येते. मी इथे अकरा वर्षं येते, कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये नोकरीवर होते तेव्हापासून. सहाला काचेच्या बाटलीत तळ्याचं पाणी घ्यायचं, तिथेच दोन औषधं घालायची. साका तपकिरी बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढरा बसला तर नाही. मग घरी येऊन नेमका आकडा काढायचा आणि साडेसातला परत जाऊन पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहायचा. त्या आकड्यावर कावेरी ठरवते, आज माशांना खाणं टाकायचं की नाही, जाळं ओढायचं की थांबायचं. तळ्यातले मासे तिचे. नवरा गेल्यापासून परवाना तिच्या नावावर आहे. आकडा लिहून झाला की ती फ्लास्क उघडते आणि आम्ही दोघी बांधावर बसून कॉफी पितो.

आकडा आधी या डायरीत, मग भिंतीवर. एकतीस वर्षं मुलींना हेच सांगितलं: नोंद वहीतच करायची, पान फाडायचं नाही, चुकलं तर एकच रेघ मारून सही करायची. डायरी आमच्या मराठी मंडळाची आहे, पानापानावर तारीख छापलेली. आकड्याखाली मनातलंही लिहिते, कारण तळ्यावर मराठी वाचणारं कोणी नाही. घर उघडं टाकायला भिईन, पण ही डायरी उघडी टाकायला भीती नाही.

आज कॉफीला तिसरा पेला होता.

१३ जुलै, रविवार

६.००. पाणी २३.५. ऑक्सिजन ५.२.

आज तिनेच येऊन नीट ओळख करून घेतली. "मावशी, तुम्ही मराठी आहात? महांतेशने सांगितलं. मला इतकं बरं वाटलं, इथे बोलायला कोणी भेटतच नाही."

मी अठ्ठावन्नची. ती चाळिशीची तरी असेलच. मावशी म्हणे.

"स्वल्प सरका अम्मा," मी म्हटलं, "बाटलीवर सावली पडालीय."

तर म्हणाली, "किती गोड मराठी आहे तुमचं." साडेतीनशे वर्षं आमची माणसं या कानडी गावात आहेत. तीन वर्षांपूर्वी बॅगा घेऊन उतरलेली बाई मला माझं मराठी गोड असल्याचं सर्टिफिकेट देते.

कावेरीला मात्र तिने दुर्बिणीतून बेटावरची पाणकावळ्यांची घरटी दाखवली. कावेरी त्या तळ्यात तीस वर्षं उतरते आहे, तिला पाणकावळा माहीत नाही होय? माशांचा चोर म्हणून शिव्या घालते ती त्यांना. पण आज दुर्बीण डोळ्याला लावून "अय्यो, पिल्लं" म्हणत होती. मी तिला अशी हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

नव्याचे नऊ दिवस. बघू.

२० जुलै, रविवार

६.१०. पाणी २३. ऑक्सिजन ५.४.

इंदिरानगरच्या एका शाळेची मुलं आली होती. आसावरीने मोठा तक्ता केला होता. डावीकडे सजीव घटक: बगळा, पाणकावळा, कटला, रोहू, बेडूक, चतुर, कमळ, शेवाळ, सगळ्यांची रंगीत चित्रं. उजवीकडे निर्जीव घटक: ऊन, हवा, पाणी, माती. चार शब्द, चित्र एकही नाही. मुलं डावीकडे गर्दी करून उभी होती. उजवीकडे मी उभी होते.

निर्जीव म्हणजे बिनमहत्त्वाचं नव्हे, असं सांगायला मी पुढे झाले होते. पाण्यातला ऑक्सिजन दोनच्या खाली गेला की डावीकडची निम्मी चित्रं पुसावी लागतील. पण तेवढ्यात एक खंड्या बुडी मारून वर आला आणि सगळी पोरं तिकडे धावली. कावेरीही.

आज एक नवी नोंद सुरू केली. कॉफी पिताना कावेरीने "आसावरी मॅडम" हे शब्द किती वेळा उच्चारले: ७.

२ ऑगस्ट, शनिवार

६.०५. पाणी २३. ऑक्सिजन ५.२. आसावरी: ९.

पंपघराची भिंत रंगवली. दारापासून कोपऱ्यापर्यंत पक्षी. माझा आकडा जिथे असायचा तिथे निळा खंड्या बसलाय, चोचीत मासा. अकरा वर्षं रोज पुसून रोज लिहिलेली जागा. कोणी विचारलं नाही. महांतेश म्हणाला, "मॅडमनी तुम्हाला फोन केला होता अक्का." केला असेल. अनोळखी नंबर मी घेत नाही.

आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळाला रंगही त्याच्या आवडीचा.

मला हेवा वाटतो. लिहूनच टाकते, डायरीत खोटं लिहायची सवय नाही. मला त्या बाईचा हेवा वाटतो. तिच्याकडे जे आहे ते उडतं, गातं, पिल्लं घालतं. माझ्याकडे पांढऱ्या-तपकिरी बाटल्या. कावेरीला ते आवडलं तर तिचा दोष नाही हेही कळतं. कळून काही उपयोग होत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

६.००. पाणी २३. ऑक्सिजन ५.०. आसावरी: ४.

आकडा कुठे लिहू हे मी कोणाला विचारलं नाही. लिहिलाच नाही.

साडेसातला कावेरी भिंतीपुढे उभी होती. बराच वेळ. काय बघण्यासारखं आहे त्या चित्रांत देव जाणे. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "मथुरक्का, आज किती?"

"पक्ष्यांना विचार," मी म्हटलं.

तिने कॉफी ओतली. पेल्यात साखर जास्त घातली होती, मला आवडते तशी. विसरली नाही एवढं एक.

९ ऑगस्ट, शनिवार

६.०५. पाणी २३.५. ऑक्सिजन ५.१. आसावरी: ६.

आसावरी घरी आली. पत्ता कावेरीने दिला म्हणे. डब्यात थालीपीठ आणि लोणी. म्हणाली, "मावशी, मला ती बाटलीची पद्धत शिकवाल? माझ्याकडे मीटर आहे, पण ते मी फक्त रविवारी नऊला लावते, पक्षी मोजून झाले की. तुमच्यासारखं रोज पहाटे कोणी करत नाही. कावेरी सांगत होती, अक्कांच्या आकड्याशिवाय ती पाण्यात पाय घालत नाही."

म्हणजे तेही घ्यायचंय हिला.

"औषधं संपली अम्मा," मी म्हटलं. कपाटात तीन बाटल्या भरलेल्या होत्या, तिच्या पाठीमागेच.

ती गेल्यावर थालीपीठ खाल्लं. जाड होतं.

२४ ऑगस्ट, रविवार

६.००. पाणी २४. ऑक्सिजन ५.१. पाणी गेल्या आठवड्यापासून हिरवं होत चाललंय, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत.

तळ्याच्या समितीची सभा पंपघरात झाली. अध्यक्ष गिरीराजसाहेब, रिटायर्ड इंजिनिअर, सगळ्यांशी हिंदीत बोलतात आणि कोणाचं ऐकत नाहीत. विषय तळ्यातलं कारंजं. ते रात्रभर चालतं, त्याच्या आवाजाने बेटावरच्या दोन जोड्या घरटी सोडून गेल्या असं आसावरीचं म्हणणं. पिल्लं उडेपर्यंत तरी बंद ठेवावं. तिचं मीटर आज नऊ वाजता ९.४ दाखवत होतं. गिरीराजसाहेब म्हणाले, इतका ऑक्सिजन असताना कारंजं कशाला, शोभेला?

कावेरी म्हणाली, "मथुरक्कांना विचारा."

आसावरी माझ्याकडे वळली. "हो ना. मावशी, तुम्ही रोज बघता. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तुमचं मशीन सांगतंय ना. मशीन काय खोटं बोलतं?"

सगळे हसले. आसावरीही हसली. कावेरी हसली नाही, ती माझ्याकडे बघत होती.

इथे लिहून ठेवते. मशीन खोटं बोलत नाही, पण ते नऊचं सांगतं. हिरव्या पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि रात्रभर तेच तो संपवतं. जेवून उठलेल्या माणसाला भूक आहे का विचारण्यातला प्रकार. खरा आकडा पहाटेचा. आजवर पहाटे पाचच्या खाली गेला नाही तो कारंज्यामुळे. हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. नीट विचारलं असतं तर सांगितलं असतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

६.००. पाणी २४. ऑक्सिजन ४.४.

कारंजं काल रात्रीपासून बंद. तळं फार शांत वाटतं. आकडा उतरला. उतरणारच.

आसावरी: ५.

२७ ऑगस्ट, बुधवार

६.०५. पाणी २४. ऑक्सिजन ३.८.

गणपती. सकाळी एकवीस कडुबू तळले, आई करायची तसे, खोबरं-गुळाचे. दर वर्षी कावेरी अकराला येते आणि आम्ही पानावर बसतो. बारा वाजले, एक वाजला. महांतेशकडून कळलं, आसावरीने तळ्यावरच्या सगळ्यांना आरतीला बोलावलंय. मलाही निरोप होता. उकडीचे मोदक केलेत म्हणे, पुण्याचे.

कावेरी चारला आली. "पोट भरलंय अक्का," म्हणाली आणि तरी दोन कडुबू खाल्ले. मग उगाच बसून राहिली. एकदा विचारलं, "पाणी बरं आहे ना?" मी म्हटलं, "मॅडमच्या आरतीत नाही सांगितलं कोणी?" ती उठली, उरलेले कडुबू स्वतःच पदराच्या टोकात बांधून घेतले आणि गेली.

पोट भरलं होतं तर नेले कशाला?

३० ऑगस्ट, शनिवार

६.००. पाणी २४.५. ऑक्सिजन २.९. ढग आलेत, वारा अजिबात नाही.

साका आज फिकट होता, चहात दूध जास्त पडल्यासारखा. तीनच्या खाली गेला की कावेरीला सांगायचं, हा आमचा अकरा वर्षांचा नियम. भिंत असती तर लिहिलाच असता. भिंत नाही.

कावेरी आजही सकाळी चित्रांपुढे उभी होती. आसावरी: ३. बोलतच कमी आहे ती हल्ली.

३१ ऑगस्ट, रविवार

६.०५. पाणी २४.५. ऑक्सिजन २.१.

नऊ वाजता आसावरीने मीटर लावून मोठ्याने वाचलं, "आठ पॉइंट सात. सगळं छान आहे."

माझ्या पिशवीत २.१ लिहिलेली वही होती. लाज वाटायला हवी, पण आत कुठेतरी बरं वाटलं. दोन दिवसांत हीच बाई माझ्या दारात येईल आणि विचारेल, मावशी, असं कसं झालं? मग मी कपाट उघडीन.

१ सप्टेंबर, सोमवार

६.००. पाणी २४.५. ऑक्सिजन १.४. ढग तसेच.

मासे वर आलेत. काठाकाठाने कटल्यांची तोंडं, उघडी, हवा गिळत असलेली. शेकड्याने. मी बांधावर उभी राहून बघितलं.

आसावरी फोन धरून उभी होती. "मावशी, बघा ना, कसे भेटायला आलेत." तिने व्हिडिओ ग्रुपवर टाकलाही. खाली सगळ्यांचे बदाम आणि टाळ्या.

महांतेशने मला बाजूला गाठलं. "अक्का, हे बरं दिसत नाही. कारंज्याची मोटर सुरू करू का?"

"ज्यांनी बंद करायला सांगितली त्यांना विचार," मी म्हटलं.

कावेरी मार्केटला गेली होती. संध्याकाळी येईल. उद्या सकाळी मी स्वतःच सांगेन तिला. तिने नाही विचारलं तरी सांगेन. एका दिवसाने काय होतंय.

२ सप्टेंबर, मंगळवार

५.५५. पाणी २४. साका पांढरा.

पांढरा. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आज याहून जास्त लिहिता येत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

६.००. पाणी २४. ऑक्सिजन ०.८. महांतेशने काल कोणाला न विचारता कारंजं चालू केलं.

कालचं लिहिते. साठ टक्के मासे गेले असं कावेरी म्हणते, ती अंदाजात चुकत नाही. ती कमरेपर्यंत पाण्यात होती. एकेक उचलून टोपलीत ठेवत होती, फेकत नव्हती. हे तिने मार्चमध्ये बोटाएवढे सोडले होते. पंधरा दिवसांनी जाळं ओढायचं होतं. रडत नव्हती. मधेच एखादा हलला की त्याला दोन्ही हातांत धरून कारंज्याच्या बाजूला नेऊन सोडत होती.

तिच्या शेजारी आसावरी. ऑफिसच्या कपड्यांत, पाण्यात. लॅपटॉपची बॅग बांधावर पडलेली. दोघी न बोलता टोपली भरत होत्या.

मी उतरले नाही. माझ्या हातात बाटली होती. आणि हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते: मेलेल्या माशांच्या मधेही मला तेच दिसलं, की कावेरीच्या शेजारी ती उभी आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

६.०५. पाणी २४. ऑक्सिजन २.२.

गिरीराजसाहेबांनी निकाल लावला. रविवारी ऑक्सिजन ८.७ होता, मंगळवारी मासे मेले, म्हणजे मधे कोणी तरी काही तरी टाकलं. कोण टाकणार? कावेरी. खाणं म्हणून कोंबडीच्या दुकानातली घाण टाकत असणार. समिती तसं मत्स्य खात्याला लिहिणार. लिहिलं तर परवाना जाईल.

कावेरी एवढंच म्हणाली, "शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा. दुसरं कधी टाकलं नाही." तेही खरं, आकडा कळत नव्हता म्हणून महिनाभर तिने नेहमीपेक्षा कमीच टाकलं होतं. महांतेशने सांगितलं मला. भीत होती म्हणे.

आसावरी गिरीराजसाहेबांशी भांडली. चांगलंच भांडली. पण तिच्या हातात रविवारचे आकडे, सगळे नऊचे, सगळे उत्तम. ती जितके दाखवत गेली तितकी कावेरी अडकत गेली.

मी तिथेच होते. मूग गिळून.

६ सप्टेंबर, शनिवार

६.००. पाणी २३.५. ऑक्सिजन ३.६.

काल सगळे पहाटेचे आकडे कोऱ्या कागदावर उतरवले, २४ ऑगस्टपासून. तारीख, वेळ, पाणी, ऑक्सिजन. खाली सही. आज नेऊन दिले.

गिरीराजसाहेबांनी कागद उलटसुलट केला. "एकच शाई, एकच बैठक. मॅडम, हे तर काल रात्री बसून लिहिलंय. ओरिजिनल किधर है?"

त्यांचा राग आला नाही. लॅबमध्ये कोणी मुलगी असा कागद घेऊन आली असती तर मीही हेच विचारलं असतं.

सोमवारी मत्स्य खात्याच्या बाई येणार आहेत. मूळ वही आणा म्हणाले.

७ सप्टेंबर, रविवार

६.०५. पाणी २३.५. ऑक्सिजन ४.०.

तळ्यावरून आल्यापासून डायरी पुढ्यात घेऊन बसले आहे. जेवले नाही.

मूळ वही म्हणजे हीच. आणि तळ्यावर मराठी वाचणारं कोणी नाही असं मीच मोठ्या तोऱ्यात १० जुलैच्या पानाला लिहिलंय. एक आहे. एकच आहे. आणि तीच वाचणार.

आकडे ठेवून मजकूर शाईने झाकता येईल का हे पाहिलं. झाकलं की संशय येणार. पानं फाडता येतील. एकतीस वर्षं मुलींची बोटं धरून शिकवलं, पान फाडायचं नाही. एका मुलीला मी त्यापायी वर्षभर रडवलं होतं. आज हात पानाच्या कडेला लावला आणि काढून घेतला. चुलीत घालायचाही विचार आला. मग आकडे गेले आणि कावेरीही गेली.

मागची पानं सगळी वाचली. मी ती वाचली तशी कोणी वाचावी असं वाटत नाही. "नीट विचारलं असतं तर सांगितलं असतं" असं लिहिलंय, आणि त्याच पानावर चार ओळी वर तिने विचारलंय. दोघींनी विचारलंय.

एक दुरुस्ती केली, नियमाने, एकच रेघ मारून, आजची तारीख आणि सही घालून. ९ ऑगस्ट: थालीपीठ जाड नव्हतं. चांगलं होतं.

८ सप्टेंबर, सोमवार

६.००. पाणी २३.५. ऑक्सिजन ४.२.

मत्स्य खात्याच्या बाई तरुण आणि शिस्तीच्या निघाल्या. पानांवरच्या छापील तारखा बघितल्या, शाई बघितली, म्हणाल्या, "लिहिणाऱ्यानेच वाचून उपयोग नाही. दुसरं कोणाला मराठी येतं?" सगळ्यांनी आसावरीकडे बघितलं. मी डायरी तिच्या हातात दिली.

ती उभी राहून वाचायला लागली. "चोवीस ऑगस्ट, सकाळी सहा, पाणी चोवीस, ऑक्सिजन पाच पॉइंट एक." तिथे थांबली. डोळे खाली सरकत गेले. मला माहीत होतं ते कुठल्या ओळीवर आहेत. तिचा चेहरा उतरत गेला तोही मी बघितला. मग पान उलटलं. "सव्वीस ऑगस्ट, चार पॉइंट चार." एकेका पानावर ती थांबायची, वाचायची, आणि तोंडाने फक्त आकडा बाहेर काढायची. कडुबू नाहीत, नाव किती वेळा घेतलं ते नाही, काही नाही. ३.८. २.९. २.१.

मत्स्य खात्याच्या बाई लिहून घेत होत्या. "म्हणजे कारंजं बंद झाल्यापासून रोज उतरतोय. वर ढगाळ हवा, हिरवं पाणी. विष नाही हे. यात परवान्याचा प्रश्नच येत नाही." गिरीराजसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

"एक सप्टेंबर," आसावरी म्हणाली. "एक पॉइंट चार." या पानावर ती सगळ्यात जास्त थांबली.

कावेरीने विचारलं, "खाली एवढं काय लिहिलंय?"

आसावरीने डायरी मिटली. "काही नाही. हवा ढगाळ आहे, एवढंच." मोडक्या कानडीत म्हणाली. आणि मग मत्स्य खात्याच्या बाईंना, "कारंजं बंद करा असं मी सांगितलं होतं. ते माझ्या नावावर लिहा."

तिने मला झाकलं. तिच्याबद्दल मी काय काय लिहिलंय ते वाचून, पाच मिनिटं उभी राहून, तिने मला झाकलं. मोठेपणाही तिनेच घ्यावा, कावेरीच्या देखत, हे मला सहन झालं नाही. चांगल्या मनाने बोलले असं कोणी समजू नये. हेव्यानेच बोलले.

"कावेरी," मी कानडीत म्हटलं, "ती खोटं सांगते. मला माहीत होतं. सभेच्या दिवसापासून. मासे वर आलेले मी बघितले आणि घरी गेले. महांतेश मोटर लावतो म्हणाला, त्याला मी नको म्हटलं. खाली ते लिहिलंय."

"का?" कावेरी म्हणाली.

"तू तिच्याकडे जायला लागलीस म्हणून."

ऐकायला किती लहान वाटलं ते. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या तोंडी. महांतेश मान खाली घालून उभा होता. कावेरी माझ्याकडे बघत राहिली, सभेत बघितलं होतं तशी.

"महिनाभर मी रोज भिंतीपाशी येऊन उभी राहत होते मथुरक्का," ती म्हणाली. "पक्षी बघायला नव्हते येत."

आणि ती टोपली उचलून बांधाकडे गेली.

१५ सप्टेंबर, सोमवार

६.००. पाणी २३. ऑक्सिजन ४.९. हिरवेपणा कमी. बेटावर तीन घरटी आहेत, पिल्लं उडाली नाहीत अजून. कारंजं चालू असूनही बसून आहेत.

परवाना राहिला. गेले आठ दिवस फ्लास्क आला नाही. मी सहाला जाते, बाटली भरते, परत येते. आज साडेसातला गेले तर पंपघराच्या भिंतीवर खंड्या नव्हता. त्याच्या जागी काळा चौकोन, ताज्या रंगाचा, फळ्यासारखा. खाली खडूची डबी.

"मॅडमनी काल केलं," महांतेश म्हणाला. "तुमच्याशी बोलायची हिंमत नाही म्हणाल्या."

मी पाणी आणि ऑक्सिजन लिहिले. ९ वाकडा आला, तसाच ठेवला.

मग बाजूला होऊन उभी राहिले. कावेरी आली. माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीपुढे उभी राहून आकडा वाचला, ओठ हलवून, पुन्हा एकदा वाचला. कोंड्याची टोपली उचलली आणि पाण्याकडे गेली.

आसावरीचं नाव आज एकदाही घेतलं नाही: ०.

माझंही.